डीव्हीडीचं पहिलं पान

ईरा आणि ओम,

गेल्या रविवारी फोनवर ओमने विचारलं, "आजी, आईचा आवाज आहे का गं तुझ्याकडे कशात?" मागून ईराचा आवाज आला, "अरे, असं एकदम काय विचारतोस तिला?" मी म्हटलं, बघते. बघून झालं आहे. जे सापडलं ते याच्यासोबत पाठवते, पण ते उघडण्याआधी हे वाचा. नुसतं पाहिलंत तर तुम्हाला वाटेल आजीने चुकीची फाइल पाठवली.

मी सोलापूरच्या कॉलेजात उभं आयुष्य इंग्रजी शिकवलं, आणि तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो हेही मला ठाऊक आहे. तरी हे मराठीतच लिहिते. तुम्हाला जे ऐकायचं आहे ते मराठीत आहे आणि त्याच्या आजूबाजूचं सगळं मराठीतच घडलं. अडेल तिथे पप्पांना विचारा. घाई करू नका.

इथे सध्या भातकापणी चालू आहे. तुमच्या मेलबर्नला आता झाडांना पालवी फुटत असेल. इकडे सगळं पिवळं होऊन खाली येत आहे. आम्ही पुण्याबाहेर भुकूमला राहायला आलो तेव्हा आमच्या गॅलरीतून थेट डोंगरापर्यंत भात होतं. आता दोन इमारतींच्या मधे चपलेच्या आकाराचा एक तुकडा उरला आहे. सकाळी धुकं असतं तेव्हा विळ्यांचा आवाज आधी येतो, माणसं मागाहून दिसतात. इंद्रायणी ही इथली भाताची जात; तिला कापताना एक कच्चा, दुधासारखा वास असतो, आणि कापून उन्हात पडली की वेगळा, तापलेल्या चटईसारखा. हा दुसरा वास आला की माझ्या हाताला अजून रिमोट आठवतो. पट्ट्या चिकटवलेला, फक्त पाच बटणांचा रिमोट.

तर त्या एका कापणीबद्दल सांगायचं आहे.

आम्ही इथे आलो ते तुमच्या आईसाठी. वृषालीची नोकरी हिंजवडीला, ईरा लहान, ओम अजून व्हायचा, आणि आबा नुकतेच सरकारी इंजिनियरच्या नोकरीतून निवृत्त झालेले. सोलापूरचं घर विकलं. मी डब्यांना चिठ्ठ्या लावून सामान आणलं आणि त्याच क्रमाने लावलं. पाहुण्यांना आम्ही सांगायचो, लेक इथे आहे म्हणून आम्ही इथे. मग वृषाली आजारी पडली आणि फार लवकर गेली. त्याबद्दल पप्पांनी तुम्हाला सांगितलं आहे, मी पुन्हा लिहीत नाही. पप्पांना तिकडे काम मिळालं, तुम्हाला घेऊन ते गेले. त्यांचं बरोबर होतं. ओम, तू तेव्हा नीट बोलतही नव्हतास. आम्ही दोघं मात्र अशा गावात उरलो जिथे आमचं ना शेत होतं, ना भाऊबंद, ना जुनी ओळख. जिच्यासाठी आलो ती नव्हती. परत जायला सोलापुरात दारही नव्हतं.

आबांचं विसरणं त्याआधीच सुरू झालं होतं. आधी आम्ही हसायचो. फ्रीजमध्ये चष्मा, देवघरात किल्ल्या. वृषाली गेल्यावर ते एकदम वाढलं. माणूस गणितं करत बसलेला असायचा, धरणाच्या सांडव्याची, कागदावर अगदी बरोबर, आणि मला हाक मारून विचारायचा, "अगं, वृषाली आली का? अंधार पडायला आला."

एकदा मी खरं सांगितलं. मला वाटत होतं, माणसाला त्याच्या लेकीबद्दल खरं कळलंच पाहिजे. आबा चहा घेत होते. त्यांनी कप खाली ठेवला. "कधी?" म्हणाले. मग म्हणाले, "मला कुणी कळवलं कसं नाही?" ज्या माणसाने स्वतः उभं राहून सगळे विधी केले होते तो मला विचारत होता, कळवलं कसं नाही. ते जे रडले ते पहिल्यांदाच कळल्यासारखं रडले, कारण पहिल्यांदाच कळलं होतं. आणि थोड्या वेळाने तोंड धुऊन आले, टॉवेल जागेवर वाळत घातला आणि विचारलं, "वृषाली आली का?"

त्या दिवसापासून मी सांगायला लागले, "ऑफिसात आहे. उशीर होईल." हे वाक्य मी भाजी निवडताना म्हटलं, अंघोळीचं पाणी काढताना म्हटलं, दाराआडून म्हटलं. इतक्या वेळा म्हटलं की कधीकधी मलाही संध्याकाळी पौड रस्त्याकडून गाडीचा आवाज आला की कान टवकारले जायचे.

डॉक्टर म्हणाले, जुनं काही दाखवत चला. फोटो, गाणी, ओळखीच्या गोष्टी. आबांना शूटिंगचा नाद होता हे तुम्हाला माहीत नसेल. खिशात मावतील अशा छोट्या कॅसेटचा कॅमेरा त्यांनी हौसेने घेतला होता आणि सोलापूरपासून भुकूमपर्यंत सगळं टिपून ठेवलं होतं. त्या कॅसेटी मी तारखांनिशी चपलांच्या खोक्यांत लावल्या होत्या. त्यातल्या एकीतही आबा दिसत नाहीत. कॅमेऱ्यामागे जो असतो त्याचा फक्त श्वास येतो, आणि समोरचं माणूस त्याच्याकडे बघून हसतं. त्यामुळे त्या कॅसेटी म्हणजे आबांनी काय पाहिलं, ते जसंच्या तसं. कॅमेरा बंद पडला होता. कुणीतरी सांगितलं, पिरंगुटला दत्ता आहे, लग्नांच्या शूटिंगचं मिक्सिंग करतो, तो डीव्हीडी करून देईल.

दत्ता भुकूमचाच. आमच्या मागचं भात त्याच्याच घरचं. वडिलांनी रस्त्याकडची जमीन विकली, त्यातून पिरंगुटच्या बाजारात गाळा घेतला, आणि दत्ताने त्यात दोन कॉम्प्युटर, एक मोठा पंखा आणि लाल मखमलीचा पडदा लावून स्टुडिओ थाटला. मी आबांना घेऊनच गेले, कारण त्यांना घरी एकटं ठेवता येत नव्हतं. दत्ताने त्यांना प्लास्टिकची खुर्ची दिली, कानाला हेडफोन लावून दिला. "सर, तुमी गाणी आयका. काकू, तुमी हितं बसा. मेनू कसला टाकू?"

मेनू म्हणजे डिस्क लावल्यावर जे पहिलं पान येतं ते. तुम्हाला हे समजावून सांगावं लागेल. तुमच्या फोनवर बोटाने वर सरकवलं की सगळं येतच राहतं. डीव्हीडीला तसं नव्हतं. आधी एक पान उभं राहायचं, त्यावर चौकटी, आणि रिमोटने त्यातली एक निवडून ओके दाबल्याशिवाय पुढे काही होत नसे. तोवर ते पान थांबून राहायचं. मागे संगीत वाजत राहायचं, पुन्हा पुन्हा तेच.

दत्ताने मला त्याचे तयार मेनू दाखवले. पहिल्यात सोनेरी पडदा उघडायचा. दुसऱ्यात दोन हंस माना जुळवून बदाम करायचे. तिसऱ्यात वरून गुलाबाच्या पाकळ्या.

"काकू, ह्यो लई चालतो. पाकळी पडती न् आपला फोटू उगडतो."

"दत्ता, हे लग्नाचं नाहीये."

"मग वाडदिवसाचा दाखवू? फुगं हायेत त्यात."

"फुगेही नकोत. हंसही नकोत."

"पब्लिकला हेच लागतं, काकू."

"इथे पब्लिक एकच आहे," मी म्हटलं. "ते बघ, खुर्चीत बसलंय."

दत्ताने मान वळवून आबांकडे पाहिलं. आबा हेडफोनमधलं काहीतरी ऐकत मांडीवर ताल धरत होते. मग दत्ताने पाकळ्या बंद केल्या आणि म्हणाला, "बरं. सांगा काय काय पायजेल."

मी घरी येऊन आलेख कागदावर पेन्सिलीने तो मेनू काढला. वर्गात फळ्याची आखणी करावी तशी. आबांना किती कळेल, किती वाचता येईल, बोट कुठवर जाईल. शब्द लिहून पाहिले तर दत्ताच्या कॉम्प्युटरवर मराठी अक्षरं फुटायची, वेलांट्या भलतीकडे जाऊन बसायच्या. "विंग्रजीत टाका की," तो म्हणाला. मी म्हटलं, आबांना आता अक्षरांपेक्षा चित्र बरं. म्हणून चार चित्रांच्या चौकटी. सोलापूरचं घर, आमच्या सहली, सणवार, आणि एक चौकट जिला मी काही नाव दिलं नव्हतं. चार बाण आणि ओके सोडून रिमोटच्या बाकी बटणांवर मी जखमेला लावायच्या पट्ट्या चिकटवल्या.

प्रत्येक चौकटीला सांगावं लागतं की उजवा बाण दाबला तर कुठे, खालचा दाबला तर कुठे. शेवटच्या चौकटीवरून उजवीकडे गेलं तर पुन्हा पहिलीवर यायचं, म्हणजे माणूस कडेला जाऊन अडकत नाही. आणि प्रत्येक तुकड्याला, तो संपल्यावर काय, हे सांगावं लागतं. दत्ता एकेक तुकडा उघडायचा आणि मान न वळवता विचारायचा, "काकू, हे संपलं की कुटं जायाचं?"

"परत मेनूवर."

"आन् हे?"

"परत मेनूवर."

"सगळंच मेनूवर? म्होरलं लागाया नको का आपोआप?"

"नको. त्यांना पुढे ढकलायचं नाही. त्यांना निवडू दे."

हा प्रश्न मी पुष्कळ दिवस ऐकत राहिले. बसमधून परत येताना, आबांचा हात धरून, खिडकीतून कापणीला आलेली शेतं बघताना. संपलं की कुठं जायचं, हे एखाद्या यंत्राला आधीच सांगून ठेवता येतं याचा मला हेवा वाटला होता.

नाव न दिलेली चौकट वृषालीची. खरं तर माझ्या पहिल्या आराखड्यात ती नव्हतीच. मी ठरवलं होतं, तुमची आई यात नको. आबा तिला बघणार आणि विचारणार, कुठे आहे, आणि मला पुन्हा एक तर खोटं बोलावं लागणार, नाही तर तो कप खाली ठेवलेला पाहावा लागणार. मी दत्ताला सांगितलं, वृषालीताई जिथे जिथे येतात तिथे काप. तो एक दिवसभर कापत बसला. दुसऱ्या दिवशी गेले तर त्याने मला स्क्रीन दाखवली. सोलापूरचं अंगण होतं. तुळस होती. एक रिकामी सायकल. गच्चीची भिंत. महाबळेश्वरचं धुकं.

"काकू," तो म्हणाला, "ताईंना काडलं तर ऱ्हातंय काय ह्यात? भिंती न् झाडं. सरांनी झाडांचं कवा शूटिंग केलंच न्हाई. ताई फुडं व्हत्या म्हून झाडं आलीत."

मी म्हटलं, जोड परत. त्याने सगळं परत जोडलं.

मेनूच्या मागे एक हलता तुकडा ठेवायचा असतो. तो सतत फिरत राहतो, माणूस काहीतरी निवडेपर्यंत. कुठला ठेवायचा यावर मी आणि दत्ता वाद घालत होतो. त्याला महाबळेश्वर हवं होतं, मला सोलापूरचं अंगण. तो एकामागून एक तुकडे लावत होता. आबा त्या दिवशी हेडफोन काढून आमच्या मागे उभे होते. एका तुकड्यावर त्यांनी स्क्रीनला बोट लावलं. काच डागाळेल म्हणून दत्ता एरवी कुणाला हात लावू देत नसे. आबा म्हणाले, "हे."

तो आमच्या याच गॅलरीतला होता. वृषाली पाटावर बसून मटार सोलते आहे, पाठ आपल्याकडे. तिला कॅमेऱ्याची चाहूल लागते, ती वळते, हाताने लेन्स झाकायला येते आणि हसत म्हणते, "बाबा, पुरे आता. बंद करा." मागून आबांचा आवाज येतो, "हो, हो."

"ह्याच्यावर म्युझिक टाकतो, बासरी," दत्ता म्हणाला.

"बासरी नको," मी म्हटलं. "आहे तसा आवाज राहू दे."

मला पार्श्वसंगीत कधीच आवडलं नाही. आणि आबांनी निवडलं होतं म्हणून तेच ठरलं. तो तुकडा इतका आखूड होता की तिचं वळणं आणि पुन्हा पाठमोरं होणं नीट जुळेना, जिथे जोड होता तिथे एक बारीक झटका बसायचा. दत्ताने पुष्कळ घासून पाहिलं. झटका राहिलाच.

तोवर कापणी ऐन भरात आली होती. दुपारनंतर दत्ताच्या दुकानाचं शटर खाली. तुकड्यांची सलग फिल्म बनवायला कॉम्प्युटर आत चालू ठेवून तो शेतावर जायचा. "रेंडरला टाकलंय काकू. त्याचं त्यो करंल. तवर आमी दोन वाफं कापून येतुया." मी त्याच्या बांधावर उभी राहून विचारायची, झालं का? तो विळा वर करून सांगायचा, लाईट गेली व्हती, परत टाकलंय. डिस्क राईट होताना वीज गेली की ती डिस्क बाद. लोडशेडिंगचे दिवस होते, आमच्या पुष्कळ डिस्का बाद झाल्या.

एका सकाळी आबा गॅलरीत उभे राहून म्हणाले, "अगं, शेतात कुणीतरी आरसा दाखवतंय." मी पाहिलं. अजून न कापलेल्या भातावर दोऱ्यांना चकत्या टांगल्या होत्या आणि त्या वाऱ्याने फिरत होत्या. पाखरं भात खातात म्हणून इथले लोक जुन्या सीडी अशा बांधतात. त्या आमच्या बाद झालेल्या डिस्का होत्या. अर्धवट लिहिलेल्या. त्यातल्या प्रत्येकीत तुमची आई थोडी थोडी होती. चिमण्यांचा थवा यायचा, उन्हाची तिरीप लागायची, थवा उडून जायचा. मी दत्ताला रागावून काढून टाकायला सांगू शकले असते. नाही सांगितलं. आबांना ते बघायला आवडत होतं. मी मात्र कापणी त्या वाफ्यापर्यंत पोचेपर्यंत गॅलरीत कपडे वाळत घालायला गेले नाही.

शेवटी एक डिस्क धड निघाली. दत्ता ती घेऊन घरी आला, पायाला चिखल म्हणून दारातच उभा राहिला. मी आबांना टीव्हीसमोर बसवलं, रिमोट हातात दिला, पहिल्या चौकटीवर पिवळी कड उमटली. आता ते विचारणार. ते काय विचारतील आणि मी काय सांगेन याची मी मनात कितीतरी उत्तरं मांडून ठेवली होती.

वृषाली वळली. "बाबा, पुरे आता. बंद करा."

"हो, हो," टीव्हीतून आवाज आला.

"हो, हो," खुर्चीतूनही आला. आणि आबा उठले, गुडघ्यावर हात टेकत भिंतीपाशी गेले आणि त्यांनी टीव्हीचं बटण बंद केलं.

दत्ता दारात आधी हसला आणि मग त्याला कळेना की हसावं का. मी टीव्ही परत लावला. ती वळली, तिने सांगितलं, आबा म्हणाले "हो, हो" आणि उठून बंद केला. मी म्हटलं, "अहो, पुढे आहे अजून. ओके दाबा ना." ते माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी काहीतरी भलतंच बोलते आहे. "ती नको म्हणतेय ना," ते म्हणाले. "उगाच कशाला चिडवायचं?"

चार चौकटी, त्यांचे बाण, संपल्यावर कुठे जायचं त्याचे निर्णय, सगळं त्या पानामागे तसंच पडून राहिलं. आबा एकदाही आत गेले नाहीत. दत्ता म्हणाला, "काकू, मी त्यो आवाज काडतो. बासरी टाकतो. एका दिसाचं काम हाय." मी नको म्हटलं. का, ते त्याला सांगितलं नाही, तुम्हाला सांगते. त्या सगळ्या वेळात आबांनी एकदाही विचारलं नाही, वृषाली कुठे आहे. ती कुठे होती ते त्यांना दिसत होतं. ती गॅलरीत मटार सोलत होती आणि नेहमीसारखी कातावली होती. रोज मी डिस्क लावायची, ती बापाला दटावायची, बाप ऐकायचा. मला खोटं बोलावं लागत नव्हतं. खाली खळ्यावर भात झोडत होते, फळीवर पेंढ्या आपटल्याचा धप धप आवाज यायचा, तूस उडून गॅलरीच्या जाळीला चिकटायचं, आणि आमच्या घरात लेक बोलत होती. तो मोसम मला सुखाचा गेला, असं लिहायला हात अडखळतो. पण त्यातल्या त्यात तोच गेला.

एवढ्यानेच फसायला झालं. मला वाटू लागलं, हे असंच चालेल.

झोडणी आटपली, पेंढ्याची गंज रचून झाली. मागचं शेत एकदम मोठं आणि उघडं दिसायला लागलं, नुसती धसकटं. दुपारची वेळ होती. मी डिस्क लावून आत मोसंबी सोलायला गेले. कान बाहेर होता. वृषाली म्हणाली, "बंद करा." टीव्हीतून आलं, "हो, हो." खुर्चीतून काही आलं नाही.

मी वाट पाहिली. पुन्हा तो जोडावरचा झटका, पुन्हा ती वळली, पुन्हा म्हणाली. टीव्हीतले आबा हो म्हणाले. खुर्चीतले आबा गप्प.

मी बाहेर आले. ते जागे होते. मान एका बाजूला करून, एखाद्या दुकानातला टीव्ही जाता जाता बघावा तसे बघत होते.

"ही बाई कोण गं?" त्यांनी विचारलं. "सारखं काय बंद करा, बंद करा म्हणते?"

"ओळखीची आहे," मी म्हटलं.

मी भिंतीपाशी जाऊन बटण बंद केलं. इतक्या दिवसांत ते पहिल्यांदा मी बंद केलं.

"असू दे की," आबा म्हणाले. "चांगली दिसते."

मी परत लावलं. मोसंबीच्या फोडी त्यांच्या हातात दिल्या. त्यांनी त्या तिच्याकडे बघत खाल्ल्या, बिया वाटीत काढल्या, वाटी जागेवर ठेवली. त्या दिवसानंतर त्यांनी मला कधीही विचारलं नाही की वृषाली आली का. मी इतके महिने ज्या प्रश्नाला घाबरत होते तो प्रश्नच संपला. तो पुन्हा यावा म्हणून मी काय काय केलं! संध्याकाळी मुद्दाम म्हणायची, अंधार पडला हं. ते म्हणायचे, पडणारच.

पुढच्या पावसाळ्यात आबा गेले. तेव्हा तुम्ही आला होतात. ईराला थोडं आठवत असेल.

आता डिस्कबद्दल. रविवारी तुमचा फोन ठेवला आणि मी कपाट उघडलं. कॅसेटी खोक्यांतच होत्या, तारखांसकट, पण इथल्या ओलीने त्यांना पांढरी बुरशी धरली आहे आणि फितीचे थर एकमेकांना चिकटले आहेत. पप्पांकडे एक प्रत होती, ती घरं बदलताना हरवली असं ते म्हणतात. डिस्क मी कापडात गुंडाळून ठेवली होती. पाहिली तर कडेने तांबूस झालेली, जुन्या आरशाला येतो तसा डाग.

मी दत्ताला बोलावलं. तो आता मिक्सिंग करत नाही. गाळा मोबाइलवाल्याला दिला आहे, घरावर मजले चढवून खोल्या भाड्याने लावल्या आहेत, आणि हा चपलेएवढा तुकडा तो एकटाच अजून पेरतो. डोक्याचे केस गेलेत, आवाज तोच. कुठूनतरी जुना प्लेयर घेऊन आला. आम्ही दोघं टीव्हीसमोर बसलो. मेनू आला. मी सोलापूरवर ओके दाबलं. खरखर झाली, काळं झालं, आणि मेनू परत आला. सहली. काळं. मेनू. सणवार. काळं. चौथी, तिची चौकट. त्यावर मी जरा जास्तच वेळ बोट दाबून धरलं. प्लेयर आत धडपडत राहिला.

"आतलं उगडत न्हाई काकू," दत्ता म्हणाला. "डिस्क मधनं भाईर लिवत जात्यात. मेनू मधी असतो. कड पयली जाती. पयलं पान त्येवडं वाचलंय."

"अजून कुणाकडे नेऊन पाहायचं का?"

"मी दोगांना इचारून आलोय. न्हाई व्हत."

मेनूवर वृषाली परत वळली, परत तेच म्हणाली. मग दत्ता म्हणाला, "बरं झालं बासरी न्हाई टाकली." आणि त्याने ते पान त्याच्या फोनवर उतरवून घेतलं, मला पाठवलं, आणि कापणीचे मजूर खोळंबलेत म्हणत गेला.

तेच तुम्हाला पाठवते आहे. त्यावरच्या चौकटी दाबून बघू नका, ते नुसतं चित्र आहे. सहलींत ती गाणं म्हणत होती, सणवारात, ईरा, तुला पहिला घास भरवताना तुलाच उद्देशून पुष्कळ काही बोलत होती, ते मला आठवतं, पण मला आठवणं म्हणजे तिचा आवाज नव्हे. काय बोलली ते मी निराळं लिहून देईन. त्याची गल्लत याच्याशी करू नका.

जे आहे ते असं. तुमची आई पाटावर बसून मटार सोलते आहे. ताट तिने मांडीवर न घेता बाजूला ठेवलं आहे, कारण ओम, तू पोटात होतास आणि मांडीवर जागा नव्हती. डाव्या कडेला पैंजण घातलेला एक लहान पाय आहे, तो ईराचा, आणि तो एकदा वाजतो. मग ती वळते, हसते आणि म्हणते, "बाबा, पुरे आता. बंद करा." आबा म्हणतात, "हो, हो." तिचं हे एक वाक्य आणि आबांचे हे दोन शब्द अजून स्पष्ट ऐकू येतात. बाकी काही राहिलेलं नाही.